शोभाबाईच्या हातचे रोट

बमरोलीच्या त्या गल्लीत शिरलं की आधी संच्यांचा खडखडाट अंगावर येतो आणि त्याच्या पाठोपाठ लसणाच्या फोडणीचा वास. खडखडाट दोन्ही बाजूंच्या खात्यांमधला, आणि वास शोभाबाईच्या खानावळीतला. संचा म्हणजे कापड विणायचा लूम, आणि खातं म्हणजे जिथे असे संचे ओळीने चालतात तो कारखाना. खान्देशातून सुरतेला आलेला माणूस हे दोन शब्द पहिल्या आठवड्यात शिकतो, आणि दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्याला दंडाला धरून शोभाबाईच्या ओट्यावर आणून बसवतं.

खानावळ म्हणजे घराची पुढची खोली. पाळी सुटली की माणसं अंगावरचे सुताचे तंतू झटकत आत येतात, भिंतीला टेकून बसतात आणि काही न बोलता जेवतात. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, रविवारी वरण-बट्टी. "इतरांना आईची आठवण आली की ते गावाला फोन लावतात. आम्ही मावशीकडे अजून एक भाकरी मागतो," असं योगराज म्हणायचा. योगराज समोरच्या खात्यात संचे चालवायचा, समाजाच्या मंडळात पुढे असायचा, आणि तोंडाने फटकळ होता. शोभाबाईला तो आवडायचा, म्हणून ती त्याला सगळ्यांत जास्त रागवायची.

शोभाबाईचा नवरा निंबा. त्याने उभी हयात संच्यांच्या मधोमध काढली आणि त्यात त्याचे कान गेले. खात्यात आवाज कोणालाच ऐकू येत नाही. तिथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. ती विद्या निंबाला अजून पक्की होती. समोर तोंड असलं की त्याला सगळं समजायचं, पाठ फिरवली की काही नाही. स्वतःचा आवाज केवढा येतो याचाही त्याला अंदाज नव्हता. घरात मीठ मागितलं तरी गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं.

त्या वर्षी शोभाबाई एका गोष्टीची वाट बघत होती. खान्देशी माणसांकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ घालतात, डोळे लावतात, दागिने चढवतात, आणि देवीसाठी गव्हाचे रोट करतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. निंबाच्या भाऊबंदांत रीत अशी की ज्या घरी कानबाई बसेल त्याच घरच्या बाईने रोटांचं पीठ मळायचं. सुरतेत आल्यापासून कानबाई बसत आली ती मोठ्या जावेकडे, केवळबाईकडे. आता केवळबाईचे गुडघे बसू देईनात. मागच्या वर्षी देवी बोळवून परत येताना तिनेच जाहीर केलं, "पुढलं साल शोभानी पाळी." त्या दिवसापासून शोभाबाईने मनातल्या मनात पीठ मळायला घेतलं होतं. सगळी गल्ली तिच्या हातचं खात होती, पण देवीने अजून खाल्लं नव्हतं.

संक्रांत झाली आणि योगराजच्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं. रक्त देणाऱ्याला स्टीलचा डबा. खानावळीत डब्यांची कायम ओढाताण. शोभाबाईने पदर खोचला आणि जाऊन खाटेवर आडवी झाली.

"मावशी, तू रक्त द्यायला आली की डबा न्यायला?" योगराजने विचारलं.

"तू तुझं काम कर. मोठा बाजूला काढून ठेव, झाकण घट्ट बसणारा."

डबा घरी आला, फडताळात बसला. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की सरकारी दवाखान्यात येऊन भेटा, घरचं कोणीतरी बरोबर आणा. शोभाबाईने सून सुषमाला घेतलं. सुषमा सुरतेतच वाढलेली, गुजरातीत भांडूही शकायची, त्यामुळे घरातली सगळी सरकारी कामं तिच्याकडे होती.

दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं, पोटावरून एक यंत्र फिरवलं, आणि पुढच्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. हेपेटायटिस सी, त्या म्हणाल्या. यकृतात घर करणारा विषाणू आहे. पण नुकताच शिरलेला आहे, यकृत अजून छान आहे. पुष्कळांना वीस-वीस वर्षं पत्ता लागत नाही आणि मग फार उशीर होतो. तुमचं नशीब चांगलं, वेळेत सापडलं. तीन महिने रोज गोळ्या घ्यायच्या, इथून फुकट मिळतात, आणि माणूस बरा होतो.

शोभाबाईला त्या नावातलं काही कळलं नाही. तिने विचारलं, "म्हणजे काय झालंय?"

डॉक्टरीणबाईंनी सोपा शब्द शोधला. "समजोने, एक जातनो कमळो."

कमळो म्हणजे कावीळ. एवढा एक शब्द शोभाबाईने धरला आणि पुढचं तिच्या कानावरून वाहून गेलं. हे रक्तातून जातं, जेवणातून नाही, ताटातून नाही, हे सुषमाने ऐकलं. कधी ऑपरेशन झालं का, बाटली लावली का, गोंदून घेतलं का, हे विचारलं तेव्हा शोभाबाईने मुकाट्याने हात पुढे केला. मनगटावरचे लहानपणचे ठिपके पुसट झाले होते म्हणून तिने मागच्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेत ते पुन्हा उठवून घेतले होते. गोंदणारी बाई मशीनची सुई फडक्याला पुसायची आणि पुढचा हात ओढायची. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. तिथूनच आलं असणार, त्या म्हणाल्या.

रिक्षात सुषमा बोलत राहिली आणि शोभाबाई आपल्या हातांकडे बघत राहिली.

कावीळ तिला ठाऊक होती. गावाकडे कावीळ झालेल्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. त्याच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. हळद बंद, तेल बंद, आणि चूल तर दूरच. आणि इथे तिच्या चुलीवर सगळी गल्ली जेवत होती.

घरी येऊन तिने भाकरी थापायला घेतली. निंबा मागे पाटावर बसला होता. त्याच्याकडे बघून हे बोलायची तिला लाज वाटली. तिने तव्याकडे तोंड ठेवूनच सांगितलं, "माले कावीळ व्हयनी."

"काय?" निंबा म्हणाला.

"कावीळ."

"जोरमा बोल."

तिने अजून थोडा आवाज चढवला. निंबाने कानामागे हात धरला. शोभाबाईचा धीर सुटला. तिने छाती भरून घेतली आणि ओरडून सांगितलं, "कावीळ व्हयनी शे माले, कावीळ."

नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. दोन्ही बाजूंचे संचे एकदम थांबले. एरवी ज्या गल्लीत ढोल वाजवला तरी कळत नाही त्या गल्लीत शोभाबाईचा आवाज एकटाच उरला आणि भिंतींवर आपटत पार नाक्यापर्यंत गेला.

त्या संध्याकाळी जेवायला निम्मी माणसं आली. आली ती पाण्याच्या बाटल्या आपापल्या घेऊन आली. कोणी काही बोललं नाही; एकाला ओव्हरटाईम लागला होता, एकाचं पोट बिघडलं होतं, एकाचा भाऊ गावाहून येणार होता. दुरडीत भाकऱ्या उरल्या. शोभाबाईच्या खानावळीत भाकऱ्या उरायची ही पहिली वेळ.

शोभाबाईला लोकांचा राग आला नाही. तिलाच तसं वाटत होतं. तिने स्वतःचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, पीठ मळायला सुषमाला बसवलं आणि हळदीचा डबा माळ्यावर टाकला. आपल्याला नको तर कोणालाच नको, दोन-दोन फोडण्या कोण करतं. दुसऱ्या दिवशी ताटात पांढरंफटक वरण आलं.

योगराजने ते बोटाने ढवळून पाहिलं. "मावशी, आजारी तू आहेस की वरण?"

"गप खा."

"खातोय. पण याला विचारून खातोय."

तो जेवला, पोटभर जेवला, आणि जाताना तिच्याच तांब्याने पाणी प्यायला. शोभाबाईने तो तांब्या हिसकावून घेतला तोवर अर्धा रिकामा झाला होता.

तिसऱ्या दिवशी केवळबाई काठी टेकत आली. ओट्यावर बसली, दम खाल्ला, मग हळूच म्हणाली, "शोभा, मी वाईट सांगाले नही उनू. पन रोट देवीना शेत. कोना पोऱ्याले काही व्हयनं त बोल कोनले लागी?"

"माले लागी, जिजी," शोभाबाई म्हणाली.

"मग यंदा मीच मळस. गुडघा गया चुलीमा."

शोभाबाईने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. केवळबाई गेल्यावर ती मागच्या मोरीत जाऊन पुष्कळ वेळ हात धूत राहिली.

केवळबाईच्या मनात तिच्याविषयी वाईट नव्हतं. तिला नुसतं बसवेना. तिनेच माहिती काढली की चलथाणकडे, ऊस तोडणाऱ्यांच्या वस्तीत आनंदा भगत राहतो, तो काविळीची माळ बांधतो. शेकडो लोकांची उतरवली म्हणे. दोघी जावा रिक्षाने गेल्या. आनंदाने हिरव्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारत ओवले आणि माळ शोभाबाईच्या गळ्यात घातली. घालताना ती गळ्याशी बेताची होती. कावीळ जसजशी उतरेल तसतशी माळ लांबत जाईल, तो म्हणाला. बेंबीपर्यंत आली की तू मोकळी. आणि तोवर दुसरं औषध नको, दोन औषधं एका अंगात भांडतात.

दवाखान्याच्या गोळ्यांच्या बाटल्या शोभाबाईने शिबिरातल्या डब्यात ठेवल्या. झाकण खरंच घट्ट बसत होतं.

सुषमाने सांगून पाहिलं. "आत्याबाई, तुमचे डोळे पिवळे आहेत का? लघवी पिवळी आहे का? कावीळच नाही तर उतरणार काय?"

"तू लहान आहेस," शोभाबाई म्हणाली. तिची चूक नव्हती. तिला कावीळ उतरवायची होती, कारण कावीळ उतरते हे तिने पाहिलं होतं. त्या लांबलचक नावाचं काही उतरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

माळ मात्र खरोखर लांबत होती. आधी छातीवर आली, मग खाली. शोभाबाई सकाळी उठली की आधी माळ बघायची. केवळबाई येऊन बोटांनी मोजायची आणि खूश व्हायची. होता होता एक दिवस माळ बेंबीला लागली. केवळबाईने साखर वाटली. "उतरनी," ती म्हणाली. "आते रोट तूच कर."

शोभाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात आतून सुषमाने हाक मारली.

"आत्याबाई, जिजी, जरा आत या. अजून एकाची उतरली."

दोघी आत गेल्या. चुलीशेजारी गॅसचा सिलिंडर उभा होता. त्याच्या गळ्यात तशीच एक माळ होती, आणि ती सिलिंडरच्या पोटावरून घसरत पार फरशीला टेकली होती.

शेजारणीला कावीळ झाली असं सांगून सुषमाने आनंदा भगताकडून दुसरी माळ आणली होती. शोभाबाईच्या माळेनंतर आठ-दहा दिवसांनी तिने ती सिलिंडरला घातली होती आणि वरून फडकं टाकलं होतं. काड्या हिरव्या असतात तेव्हा जाड असतात. वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ पसरते. चुलीच्या धगीला तर लवकरच.

 शोभाबाई सिलिंडरकडे बघत उभी राहिली. मग तिच्या पोटातून हसू यायला लागलं. आधी ती ते दाबत होती, मग दाबेना. "जिजी," ती म्हणाली, "हा तर माझ्यानंतर आजारी पडला आणि माझ्याआधी बरा झाला."

केवळबाई हसली नाही. तिने काठी उचलली. "देवानी वस्तू असी कोनाबी गळामा घालानी नही ऱ्हास," एवढं बोलून ती निघून गेली. पण ओट्यावरून उतरताना तिने एकदा मागे वळून सिलिंडरकडे पाहिलं.

शोभाबाईने आपल्या गळ्यातली माळ काढली, सिलिंडरच्या माळेबरोबर एकत्र गुंडाळली आणि तुळशीत ठेवली. टाकून द्यायला तिचं मन झालं नाही. मग फडताळातला डबा काढला. या खेपेला ती स्वतःच सुषमाला म्हणाली, "चल दवाखान्यात. त्या बाईंनी सांगितलेलं मी ऐकलंच नव्हतं. आता ऐकते."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळ्यांच्या न उघडलेल्या बाटल्या बघून त्यांनी नुसता कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, हिंदीत. ही ती कावीळ नाही. झाडपाला घेऊ नका, तो यकृतालाच लागतो. हळद खा, तेल खा, सगळं खा. ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं नेलकटर आपलं आपलं ठेवा. कुठे कापलं तर पट्टी बांधा, रक्त दुसऱ्याला लागू देऊ नका. आणि बरं झाल्यावरही पुन्हा कोणाच्या सुईने गोंदू नका, कारण हा एकदा जाऊन परत येऊ शकतो.

शोभाबाईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बाई, मी खानावळ चालवते. या हातांनी पीठ मळते. लोक खातात. देवीचे रोट करायचे आहेत."

"मग करा की."

"चालेल?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बरोबर काही आणलंय का?"

सुषमाने पिशवीतून फडकं काढलं. त्यात भाकरी होती, ठेचा होता. त्या दिवशी घाईत शोभाबाईनेच थापलेली भाकरी. डॉक्टरीणबाईंनी मोठा तुकडा मोडला, ठेचा लावला आणि खाल्ला. बाहेर रांग लागलेली होती. ठेचा मिरचीचा, अगदी खान्देशी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक लाल झालं, पण त्यांनी तुकडा संपवला आणि पाणी पिऊन म्हणाल्या, "बेन, कमळ्याने नाही मरणार मी. तुमच्या मिरचीने मरेन."

शोभाबाई त्या दिवशी घरी आली ती ताठ चालत आली. हळदीचा डबा माळ्यावरून खाली उतरला.

गोळी रोज सकाळी, नाश्त्यानंतर. सुरुवातीला डोकं जड व्हायचं, दुपारी अंग मोडून यायचं. ती मग चुलीसमोर स्टूल ठेवून बसायची आणि बसून भाकऱ्या थापायची. गोळीची आठवण ठेवायचं काम निंबाने अंगावर घेतलं होतं. तो ओट्यावर उभा राहून आपल्या परीने हळूच विचारायचा, "गोळी खाल्ली का?" ते समोरच्या खात्यात संच्यांच्या वर ऐकू जायचं. काही दिवसांनी तिथून उत्तर यायला लागलं, "खाल्ली, काका." पुढेपुढे कोण कामावर कधी आलं, कोणाची पाळी कधी लागली, हे लोक निंबाच्या हाकेवरून सांगायला लागले. ज्या आवाजाने शोभाबाईचं गुपित फोडलं त्याच आवाजावर आता गल्लीचा दिवस चालायचा.

घरच्यांचीही तपासणी झाली. निंबा, सुषमा आणि तिचा नवरा भूपेंद्र. तिघांच्याही रक्तात काही नव्हतं. सुषमाने निंबाला समोर बसवून ओठ हलवत सगळं समजावलं.  त्या संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा तो ओट्यावर आला. येणारे-जाणारे थांबले, कारण निंबा आपण होऊन कधी बोलत नसे.

"लगीन व्हयनं तवयपासून मी इना हातनं खास," तो म्हणाला. "इना ताटमा खास. मना रगतमा काही नही. तुम्हले काय व्हई रे? बाटल्या आनतस."

एवढं बोलून तो आत गेला. आपण काही विशेष बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. बाहेर लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग योगराजने चपला काढल्या. "चला रे," तो म्हणाला, "काकांना ऐकू येत नाही, आपल्याला तर येतं ना."

त्या दिवशी दोघं जास्त जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी चौघं. ओव्हरटाईम संपला, पोटं सुधारली, गावाहून येणारा भाऊ आलाच नाही. महिना झाला तेव्हा दुरडी पुन्हा रिकामी व्हायला लागली.

एकटी केवळबाई मात्र आली नाही. गोळ्या संपल्या, तीन महिने पुरे झाले, तरी नाही. सुषमा सांगून आली, भूपेंद्र सांगून आला. तिचं एकच उत्तर, "खानावळ ती खानावळ. देवी ती देवी. आधी डॉक्टर म्हनू दे, गयं." यात तिचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. खुद्द डॉक्टरीणबाईही म्हणत होत्या की गोळ्या संपल्यावर पुन्हा तीन महिने थांबायचं, मग रक्त बघायचं; तेव्हा विषाणू दिसला नाही तर तो गेला असं समजायचं.

त्या वर्षी अधिक महिना आल्याने श्रावण उशिरा लागला. तरीही दिवस जेमतेमच जुळले. नागपंचमीला शोभाबाईने दवाखान्यात रक्त दिलं. निकाल सोमवारी मिळेल, तिथल्या सिस्टर म्हणाल्या. कानबाई रविवारची.

ठरल्याप्रमाणे कानबाई शोभाबाईकडेच बसणार होती, प्रश्न फक्त पीठ कोण मळणार एवढाच होता. रविवारी तिचं घर फुललं होतं. पाटावर कानबाई बसली, नथ नीट झाली, डोळे लागले. भाऊबंदांच्या बायका चुलीभोवती गोळा झाल्या. पुरण शिजत होतं, गंगाफळाची भाजी झाली होती, खीर उतरली होती. मधोमध मोठी परात आणि त्यात गव्हाच्या पिठाचा डोंगर. परातीजवळ केवळबाई येऊन बसली होती. तिला दोघींनी धरून बसवलं होतं आणि दुखण्याने तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं.

"उद्या कागद उना का पुढलं साल तूच कर," ती म्हणाली. "आज मना हात लागू दे. तू बाजूले बस."

 शोभाबाईने परातीकडे पाहिलं, मग केवळबाईच्या गुडघ्यांकडे. सहा महिन्यांपूर्वी तिने नुसती मान हलवली होती.

ती मोरीत गेली, हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन परातीच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"जिजी," ती म्हणाली, "दुखणं होतं तेव्हाही रक्तात होतं, हातात नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मी उशिरा ऐकलं. उद्या कागदावर काहीही येऊ दे. अजून आहे म्हणून आलं तर मी अजून गोळ्या खाईन. पण हात माझे चांगले आहेत. पाळी माझी आहे."

आणि तिने दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात घातले. जत्रेत उठवलेले ते हिरवे ठिपके पिठाने पांढरे झाले.

केवळबाई तिच्याकडे बघत राहिली. पाटावरची देवीही बघत होती. कोणीतरी खोकलं. मग केवळबाईने शेजारचा गरम पाण्याचा तांब्या उचलला आणि परातीत धार धरली.

"इतलं पुरी का?" तिने विचारलं.

"अजून थोडं," शोभाबाई म्हणाली.

रोट झाले. देवीला नैवेद्य दाखवला, भाऊबंद पंक्तीला बसले. केवळबाईला खाली बसता येईना म्हणून तिला शोभाबाईचं चुलीजवळचं स्टूल दिलं. तिने पहिला घास तोंडात घातला, हळूहळू चावला. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या हे तिला कळत होतं, म्हणून तिने मुद्दाम वेळ लावला.

"मना रोटपेक्षा मऊ शेत," ती शेवटी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "थोडं मीठ कमी शे." आणि दुसरा रोट मागून घेतला.

सोमवारी सकाळी कानबाई बोळवायला सगळे तापीकाठी गेले. वाजंत्री, गुलाल, बायकांच्या फुगड्या. शोभाबाईने देवी डोक्यावर घेतली होती. परत येताना सुषमा मध्येच रिक्षा करून दवाखान्यात गेली. बाकीचे गल्लीत पोचले, तोंडं धुतली, चहा ठेवला, आणि तेवढ्यात सुषमा आली. ती धावत आली नाही. ओट्याच्या पायरीशी थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई, विषाणू सापडला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेला. आणि म्हणाल्या, ठेचा पाठवा, पण मिरच्या कमी."

 शोभाबाई सरळ आत गेली. निंबा पाटावर बसून गुलाल झटकत होता. ती त्याच्या पुढ्यात खाली बसली, तोंडासमोर तोंड, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाली, "गयं. मना रगतमा आते काहीच नही."

निंबाने ओठ वाचले. त्याचे डोळे भरून आले. एक थेंब गुलालातून वाट काढत गालावर उतरला. त्याने तो पुसला, कानामागे हात धरला आणि म्हणाला, "काय?"

"तुम्हले समजनं शे," शोभाबाई म्हणाली.

"काय? जोरमा बोल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, ओट्यावर आली. दोन्ही बाजूंना संचे पुऱ्या जोरात चालू होते, लाईट जायचं चिन्ह नव्हतं. शोभाबाईने छाती भरून घेतली आणि सगळ्या खडखडाटाच्या वर ओरडून सांगितलं की तिच्या रक्तात आता काही नाही, ती बरी झाली.

समोरच्या खात्याच्या दारात योगराजचं डोकं दिसलं. त्याच्यामागे आणखी चार डोकी.

"ऐकलं, मावशी," तो ओरडला. "मग आज वरण-बट्टी का?"

"आज सोमवार आहे," शोभाबाई म्हणाली. पण तोवर ती आत वळली होती आणि परात ओढून पिठाचा डबा उघडत होती.